कल्याणीचे चार, माझे अठ्ठ्याऐंशी

मला प्रोग्रॅमिंगमध्ये शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण आहेत. मी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही. नारायण पेठेत माझं जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचं दुकान आहे आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या पलीकडे माझी मजल नाही. तरीही खराडीतल्या एका कंपनीच्या यंत्राने मला अठ्ठ्याऐंशी दिले, आणि ज्या मुलीने ते काम केलं तिला त्याच यंत्राने चार दिले. आमच्या शाळेत कोरा पेपर दिला तरी मास्तर निदान जवळ बोलावून विचारायचे, काय रे, बरं नाही का. या यंत्राला तेवढंही सुचलं नाही.

त्या मुलीचं नाव कल्याणी इंगळे. तिच्याविषयी सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल, आणि चूक कबूल करणं हा आमच्या पेठेचा हातखंडा विषय नव्हे. तरी सांगतो.

पाच वर्षांपूर्वी ती आईबरोबर दुकानात आली. मूळची वाशिमकडची माणसं, वडील महिपती रांजणगावच्या कारखान्यात, घर वाघोलीत भाड्याचं. तिला तिथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिने मी दाखवलेला लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि त्याचं एकेक बटण दाबून बघायला सुरुवात केली. सगळी बटणं, डावीकडून उजवीकडे, न बोलता. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं, तरी तिने एकही बटण गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "काका, हे एक अडकतंय." खरंच अडकत होतं. मला माहीत होतं, पण मी सांगणार नव्हतो.

तिची आई कांताबाई, त्या लॅपटॉप उलटा करून टिचक्या मारून बघत होत्या. त्यांनी विचारलं, भांड्यावर घालतात तसं यावर नाव घालून देता का. मी म्हटलं, बाई, हे पातेलं नाही. कल्याणी ओशाळली, कांताबाई नाही. मग मी बिल करायला घेतलं आणि नाव विचारलं. इंगळे म्हणाल्या. मी म्हटलं, इंगळे म्हणजे? कल्याणी म्हणाली, वाशिमचे. मी म्हटलं, तसं नाही, म्हणजे...? कांताबाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. "आम्ही बौद्ध. बिलावर ते बी लिहा लागते काय?"

मी ते हसण्यावारी नेलं. त्या 'म्हणजे'चा लॅपटॉपशी काय संबंध होता, हे आज मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण मी विचारलं होतं हे खरं.

आता माझी पद्धत. दुकानाचं नाव 'स्पृहा कॉम्प्युटर्स', मुलीच्या नावावरून. विकलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर दोन स्टिकर, एक वर, एक खाली. आणि आत मशीन जिथे जिथे नाव आणि ईमेल विचारील तिथे तिथे दुकानाचं नाव आणि दुकानाचा ईमेल. गिऱ्हाइकाला विचारत बसायचं नाही, उगाच वेळ जातो. काउंटरवर पाटीच होती: 'सेटिंगमध्ये बोटे घालू नयेत. घातल्यास नंतर आमच्याकडे बघू नये.' कॉलेजने सांगितलेली सॉफ्टवेअरं मीच घालून दिली. त्यात एक होतं कोड ठेवायचं. त्याने नाव विचारलं, मी सवयीने टाकलं स्पृहा कॉम्प्युटर्स, आणि विसरून गेलो.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. हे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम एका सार्वजनिक साइटवर उघडं ठेवतात, कोणीही बघावं, वापरावं, सुधारावं म्हणून. तुम्ही केलेल्या प्रत्येक बदलावर लॅपटॉप एक शिक्का मारतो, त्यात नाव आणि ईमेल असतो. तो ईमेल ज्याच्या खात्याचा, ते काम त्याच्या नावावर चढतं. आणि मराठी कीबोर्डचं काहीतरी उतरवून घेण्यासाठी मी केव्हातरी त्याच साइटवर दुकानाच्या ईमेलने खातं उघडून ठेवलं होतं. म्हणजे शिक्का माझा, खातंही माझं. राबायला मात्र वाघोलीत कल्याणी.

आणि राबली कशासाठी, तर टँकरसाठी. वाघोलीत इमारती भराभर उगवल्या, नळाला पाणी मात्र उगवलं नाही. तिच्या सोसायटीत टँकर आला की कोणत्या विंगच्या टाकीला आधी, यावरून रोज तंटा. हिशोब वॉचमनच्या वहीत आणि वही कायम ओली. दुसऱ्या वर्षाला असताना तिने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. टँकर गेटात आला की वॉचमनने फोनवर एक बटण दाबायचं, सगळ्यांना निरोप जातो, आज पाळी कोणाची, टाकीत किती आहे, पुढचा कधी. मग तिने तो उघडा ठेवला, बाकीच्या सोसायट्यांनी फुकट वापरावा म्हणून. आज चाळीसेक सोसायट्या तो वापरतात. वॉचमनच्या ओल्या बोटांनी बटण लागत नाही म्हणून बटणं मोठी केली. फोनला रेंज नसली तरी नोंद राहावी म्हणून आणखी काही केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं. चार वर्षं हे चाललं होतं.

कॉलेज संपल्यावर तिला एका ठिकाणी सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं, कंत्राटी. दिवाळीनंतर कंत्राट संपलं. तिने बरेच अर्ज केले, त्यातला एक खराडीतल्या त्या कंपनीत. तिथल्या आयुष नावाच्या मुलाने एक खेळणं बनवलं होतं, 'फिरकी'. साइटवरचं तुमचं खातं द्या, ते तुम्हाला गुण देतं आणि वर तुमची टिंगल करतं. शुक्रवारी ऑफिसात हसायला म्हणून केलेलं. मग कंपनीकडे एका जागेसाठी नऊशे अर्ज आले आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की आधी फिरकी लावा, पन्नासच्या खालचे काढून टाका.

कल्याणीच्या खात्यावर काय असणार? काहीच नाही, सगळ्या बदलांवर शिक्का माझ्या दुकानाचा. फिरकीने एका रिकाम्या खुर्चीचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं: 'शंभरपैकी चार. तेही पासवर्ड लक्षात ठेवल्याबद्दल. प्रोफाइल इतकी स्वच्छ आहे की इथे कोणी राहायला आलंच नाही वाटतं.' त्याखाली 'हसा आणि पाठवा' असं बटण. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, आपला अर्ज पुढे घेता येत नाही. शिवाय कंपनीने साइटवर 'आजचे भोपळे' म्हणून एक भिंत केली होती, तिथे ते चित्र नावासकट लागलं. तिच्या वर्गातल्यांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत पोहोचलं. ज्यांनी चार वर्षं तिच्या वह्या उतरवल्या त्यांनी हसणारे चेहरे टाकले.

पोरीने नोकरी मागितली होती. नको असेल तर नाही म्हणा, तुमचा हक्क आहे. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणताना वर त्याच्या कपड्यांवर विनोद करायचा, आणि तो गल्लीला ऐकवायचा, याला आम्ही तरी उर्मटपणा म्हणतो. आणि उर्मटपणातलं मला कळतं, मी तीस वर्षं काउंटरवर बसलोय.

त्यानंतरच्या मंगळवारी ती दुकानात आली, एकटी. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाली, काका, परत घेता का. वाघोलीत एका सोसायटीच्या ऑफिसात बसायचं काम मिळतंय, पावत्या फाडायचं. तिथे याची गरज नाही. मी म्हटलं, बघू, आणि बॅटरी तपासायला तो उघडला. समोर तिच्या कामाची यादी उघडी होती. प्रत्येक ओळीपुढे नाव: स्पृहा कॉम्प्युटर्स. खाली सरकवलं, स्पृहा कॉम्प्युटर्स. आणखी खाली. चार वर्षांचं काम, आणि प्रत्येक ओळीवर माझं दुकान.

मी तिला विचारलं, हे काय आहे. तिने सगळं सांगितलं, चार गुण, खुर्ची, भिंत. मी म्हटलं, अगं, पण हे नाव तुला दिसत नव्हतं का? एवढी शिकलीस, बदललं का नाहीस?

"दुसऱ्या वर्षालाच दिसलं, काका. बदलणारही होते. पण तोपर्यंत लोक 'थँक यू स्पृहा' लिहायला लागले होते. नगरचे एक रिटायर्ड इंजिनिअर, चेन्नईचा एकजण. चूक असली की चूक सांगायचे, बरोबर असलं की बरोबर. आडनाव कोणी विचारलं नाही. मला बरं वाटायचं ते. म्हटलं, राहू दे."

ती हे माझ्याकडे न बघता बोलली. तिला माझा तो 'म्हणजे' आठवत होता की नाही, मला माहीत नाही. मला आठवला. मी उगाच बॅटरी काढून परत बसवली.

मग मला दुसरी गोष्ट आठवली. गेले पंधरा दिवस दुकानाच्या ईमेलवर 'प्रिय स्पृहा' असं काहीतरी येत होतं आणि मी ते लॉटरीवाल्यांचं समजून उडवत होतो. कचऱ्यातून काढलं. तीन पत्रं, तिन्ही त्याच कंपनीची. फिरकी लावून ते स्वतःहून हुशार माणसं शोधत होते. त्यांना स्पृहा सापडली होती, अठ्ठ्याऐंशी गुणांची. खाली यंत्राचा विनोद: 'बाई, जरा झोपत जा. टँकरवाल्यांनी तुमचा पुतळा उभारायला हवा.' आणि भेटीला कधी येता, अशी विनंती, भाग्यश्री नावाच्या बाईंच्या सहीने.

कल्याणीने ते दोनदा वाचलं. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका संताप आला की समोरचं गिऱ्हाईक काय मागतंय ते कळेना. त्याला मी उद्या या म्हणून सांगितलं. त्या कंपनीचा राग होताच, पण त्यातला निम्मा माझा मलाच होता.

दुसऱ्या दिवशी कांताबाई तिच्याबरोबर आल्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"भाऊ, माह्या घरच्या चमच्यावर बी माहं नाव हाय. माह्या पोरीच्या कामावर तुमच्या दुकानाचं कायले?"

चुकलं, एवढंच म्हणालो. हा शब्द त्या काउंटरवर पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

उपाय अगदी सोपा निघाला, आणि तो कल्याणीला ठाऊक होता. मी माझ्या खात्यातून दुकानाचा ईमेल काढायचा, तिने तो आपल्या खात्याला जोडायचा, माझ्याकडे पत्र येईल त्यावर मी हो म्हणायचं. की सगळं काम तिच्या नावावर. "तुम्ही हो म्हणाल का, असं विचारायलाही नको वाटलं," ती म्हणाली. चार वर्षं तिने मला विचारलं नव्हतं, ते यासाठीही. मी हो म्हटलं. चहा गार व्हायच्या आत तिच्या रिकाम्या खात्यावर हिरवे चौकोन भरले, काम केलेल्या एकेका दिवसाचा एकेक. मग मी भाग्यश्रीबाईंना लिहिलं की स्पृहा शुक्रवारी येत आहे.

शुक्रवारी आम्ही दोघे बसने खराडीला गेलो. काचेची इमारत, आत इतकी थंडी की मफलर हवा होता. भाग्यश्रीबाई हसत पुढे आल्या. "स्पृहा मॅडम?" मी म्हटलं, "स्पृहा माझी मुलगी. ती नाशिकला कथक शिकवते. तुमचे अठ्ठ्याऐंशी गुण यांचे, कल्याणी इंगळे यांचे. तुम्ही यांना चार दिलेत."

त्यांनी आयुषला बोलावलं. पंचविशीचा, दाढी राखलेला, तसा गुणी मुलगा. त्याने फिरकीला कल्याणीचं खातं पुन्हा दिलं. यंत्राने आता ब्याण्णव दिले, आधीचे चार धरून दिले की काय देव जाणे, आणि विनोदही बदलला: 'मॅडम, आम्हाला नोकरी द्या.' भाग्यश्रीबाईंचा चेहरा खुलला. झालं तर मग, काहीतरी ग्लिच असेल, एक तारखेपासून या, असं त्या म्हणाल्या. कागद काढायलासुद्धा उठल्या.

कल्याणीला ती नोकरी हवी होती. वडिलांच्या कारखान्यात माणसं कमी करणं चालू होतं, हे मला बसमध्ये सांगून झालं होतं. तरी ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात चार होते. तेव्हा कोणी उघडून बघितलं होतं का? आज तरी कुठे बघितलंत?"

भाग्यश्रीबाई म्हणाल्या, नऊशे अर्ज होते हो, किती उघडणार. आयुष म्हणाला, ते फक्त गंमत म्हणून केलं होतं. मी गप्प बसायचं असं ठरवून आलो होतो, पण बसवलं नाही. म्हटलं, गंमत होती तर घरात ठेवायची, नोकरीच्या दारात कशाला उभी केलीत?

"आता उघडा," कल्याणी म्हणाली. आयुषने उघडलं. वाचत गेला. पाच मिनिटांनी त्याने खुर्ची पुढे ओढली. एका जागी थांबून विचारलं, इथे बटणं एवढी अवाढव्य का केली? ती म्हणाली, वॉचमनची बोटं ओली असतात. तो आणखी वाचत राहिला आणि प्रश्न विचारत राहिला, आता खरे प्रश्न, मला एकही कळला नाही. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली. छान लिहिलंय, म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो विनोद करत नव्हता.

"आणखी एक," कल्याणी म्हणाली. "यातले सव्वीस बदल माझे नाहीत."

मी चमकलो. तिने दाखवलं. टँकरशी संबंध नसलेला एक छोटा प्रोग्रॅम होता. ब्लाउजची मापं टाकली की कापड कसं कापायचं त्याचा आराखडा काढून द्यायचा. शिक्का मात्र तोच, माझ्या दुकानाचा. माझा ईमेल कल्याणीकडे गेला, त्याबरोबर हेही तिच्या नावावर आलं होतं. आयुष म्हणाला, राहू द्या की, कोणाला कळणार आहे, स्कोअरला बरंच आहे.

"माझं काम असंच दुसऱ्याच्या खात्यात राहिलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मला चार मिळाले."

नोकरी तिला मिळाली. गेले दोन महिने ती खराडीला जाते. ती भोपळ्यांची भिंत त्यांनी काढली. फिरकी काढलेली नाही, फक्त तिची भाषा सुधारली आहे. चार गुण पडले तर आता ती 'प्रगतीला भरपूर वाव' म्हणते. अर्ज मात्र तसाच बाजूला पडतो. कल्याणी आत राहून भांडते आहे. पन्नासच्या खालचा प्रत्येक अर्ज कोणीतरी उघडून बघावा, असं तिचं म्हणणं आहे. ऐकतील तेव्हा खरं.

माझ्या काउंटरवरची पाटी मी उतरवली. आता सेटिंगची वेळ आली की लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि म्हणतो, नाव तुम्ही टाका. काय टाकतात ते बघत नाही. बिलावरही सांगतील तेवढंच लिहितो, 'म्हणजे' विचारत नाही.

गेल्या शनिवारी कल्याणी दुकानात आली, ते सव्वीस बदल घेऊन. पहिला बदल चार वर्षांपूर्वीचा, शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा. पुढे काहीच नाही. ब्लाउज म्हटल्यावर मला एक बाई आठवायला लागली. वारज्याची, आनंदी नावाची. गळ्यात शिवणाची टेप घालूनच आली होती, लॅपटॉप न्यायला. प्रोग्रॅमिंगचा क्लास लावलाय, म्हणाली होती. दोन वर्षांनी तो परत द्यायला आली. आता लागत नाही, एवढंच म्हणाली. मी तिला का म्हणून विचारलं नाही. झाकणावरचा ओरखडा दाखवला, भाव पाडला, तिने हुज्जत घातली नाही आणि गेली. गिऱ्हाईक शहाणं आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिलाही कोणीतरी चार दिले असतील का, हे मला माहीत नाही. जुन्या वहीत नंबर सापडला. फोन कल्याणीने करावा असं मी सुचवलं. तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

बराच वेळ वाजला. मग मागे शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली, कोण बोलतंय?

"नारायण पेठेतून, लॅपटॉपवाला," मी म्हटलं. "बाई, तुमचं नाव माझ्याकडे राहिलंय."